गेमचा कॉम्प्युटर आणि गटाचं कर्ज



आज गेमिंग कॉम्प्युटरबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातल्या काहीजणी आत्ताच म्हणाल, बचत गटाच्या बायकांना त्याच्याशी काय करायचंय? आम्हीही तेच म्हणालो होतो.

२०२४ च्या दिवाळीनंतरची पहिली बैठक. बचत जमा झाली, हप्ते वहीत चढले आणि कर्जमागणीची पाळी आली. कुणाला शेळ्या घ्यायच्या होत्या, कुणाला शिलाई मशीनला मोटर बसवायची होती. शेवटी एका वहिनींनी ऐंशी हजार मागितले. कशाला म्हणून विचारलं तर मान खाली घालून म्हणाल्या, "पोराला गेमचा कॉम्प्युटर जोडायचाय."

एकच गलका झाला. खेळायला कर्ज? उद्या सगळीच पोरं मागतील. कुणी म्हणालं, आमच्या म्हशीला दोन महिने थांबवलं आणि ह्याला लगेच? वहिनी गप्प बसून होत्या. घरात कमावत्या त्या एकट्याच. पोरगा एकोणीस वर्षांचा, कॉलेज करून रात्री एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायला जायचा. त्याचं म्हणणं होतं की स्वतःचं मशीन असलं तर काम घरी आणता येईल. आम्ही त्याला बोलावून विचारलं, नुसतं कामच करणार का? तर म्हणाला, "न्हाई काकू, खेळणार पण हाय. खोटं कशाला बोलू?"

ह्या उत्तरावर आमच्या गटातल्या आक्का खूश झाल्या. आक्का सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. त्या म्हणाल्या, "तालमीतल्या पोराच्या खुराकाला पैसे देतोयच न्हवं आपण? त्यो बी खेळच हाय. आधी कागद तर बघू."

कागद म्हणजे दुकानदाराचं कोटेशन. एक लाख सहा हजारांचं. बारा ओळी, त्यातली एकही आम्हाला कळली नाही. शेळीचं कर्ज असेल तर आम्ही शेळीचे दात बघतो, म्हशीची कास बघतो. इथं काय बघायचं? आणि न बघता पैसे द्यायचे, तर मशीन वर्षभरात बंद पडलं तरी हप्ता काही बंद पडत नाही. तो वहिनींनाच भरायचा. म्हणून ठरलं की निर्णय पुढच्या बैठकीत, तोवर आम्ही दोघीजणी पोराला घेऊन कोल्हापुरातली चार दुकानं फिरायची आणि शिकून यायचं.

शिकलो ते आज सांगतो.

तयार कॉम्प्युटर विकत मिळतो, तसा सुटे भाग निवडून जोडूनही घेता येतो. जोडून घ्यायचं आपल्या कोल्हापूरला नवं नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा इथंच, आपल्या हातानं घडवला होता. कॉम्प्युटर त्या मानानं सोपा. भाग तयार मिळतात, फक्त एकमेकांना जुळणारे निवडावे लागतात.

सिनेमाचं नाव निघालंच आहे, तर गेम म्हणजे काय तेही तिथूनच सांगतो. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांपुढून सरकतात. ती आधीच काढून ठेवलेली असतात. गेममध्ये तसं नसतं. खेळणाऱ्यानं बटण दाबलं की पुढचं चित्र त्या क्षणी काढावं लागतं, आणि सेकंदाला निदान साठ. म्हणजे रांगोळी काढायची, पुसायची आणि परत नवी काढायची, सेकंदात साठ वेळा. हे काम करतं ते ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर हिशेब ठेवतो: कोण कुठं उभं आहे, कुणी उडी मारली, कुणाला लागलं. तो झाला घरातला कारभारी. रंग भरणारा हात मात्र ग्राफिक्स कार्डाचा. म्हणून गेमच्या मशीनमध्ये सगळ्यांत जास्त पैसा ह्या कार्डावर जातो. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा त्यावर गेला तर नवल नाही.

आता त्या एक लाख सहा हजारांच्या कागदाकडं बघा. प्रोसेसर भारीतला घातला होता आणि ग्राफिक्स कार्ड लहानसं, चार जीबीचं. गुऱ्हाळावर काहिल मोठी आणली आणि चुलवाण लहान ठेवलं तर रस आटेल का? तसंच हे. कारभारी हिशेब करून मोकळा होणार आणि चित्र काढणाऱ्याची वाट बघत बसणार. त्याच कागदावर नऊ हजारांचा पाण्यावर चालणारा कूलर होता, रंगीत दिव्यांचे सात पंखे होते, आणि वीज पुरवणारा डबा होता बाराशे रुपयांचा. त्या डब्यापुढं कंपनीचं नावच नव्हतं, नुसतं '५०० वॅट' लिहिलं होतं. आम्हाला तेव्हा ह्यातलं काही दिसलं नाही. आज दिसतं.

बाकीचे भाग थोडक्यात. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि एसएसडी म्हणजे फडताळ. फडताळात सामान भरपूर राहतं, पण स्वयंपाकाला लागेल ते ओट्यावर काढावं लागतं. ओटा लहान असला की सारखी उठबस. गेमला आणि व्हिडिओच्या कामाला सोळा जीबी रॅम चालते, आणि ती सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात, म्हणजे सामान दोन्ही हातांनी उचलता येतं. मदरबोर्ड हा सगळ्यांना धरून ठेवणारा पाट. इथं एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एका सोऱ्याची चकती दुसऱ्या सोऱ्यात बसत नाही, तसा एका खाचेचा प्रोसेसर दुसऱ्या खाचेत बसत नाही. एएमडी कंपनीच्या जुन्या खाचेला एएम४ म्हणतात आणि २०२२ पासूनच्या नव्या खाचेला एएम५. नव्या खाचेला डीडीआर५ रॅमच लागते, जुन्या डीडीआर४ च्या पट्ट्या त्यात जातच नाहीत. जुनं घेतलं तर स्वस्त पडतं, नवं घेतलं तर चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येतो. आम्ही जुनं घेतलं. पैसे तेवढेच होते.

आता उष्णतेकडं येऊ. ह्यात आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, उष्णता बायकांइतकी कुणाला कळते?

आमच्या गटाच्या खोलीत एक साधा कॉम्प्युटर आहे, हिशेबाचा. त्याच खोलीत एप्रिल-मे मध्ये आमचं चटणी कांडप चालतं. एका वर्षी भर मे महिन्यात तो आपोआप बंद पडायला लागला. सुरू करावा, दहा मिनिटं चालावा, परत बंद. आम्ही म्हटलं लाइटचा दोष असेल. दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला आणि आधी सात-आठ वेळा शिंकला. आत सगळीकडं लाल चटणीची बारीक धूळ. पंख्याची पाती लाल, खालची धातूची जाळी चोंदून गेलेली. वरून आम्ही त्या डब्यावर भरतकामाचा रुमाल घालून ठेवला होता, शोभेला आणि धुळीपासून जपायला. म्हणजे बिचाऱ्याचं नाक आत चटणीनं आणि बाहेर रुमालानं, दोन्हीकडून बंद. तो बिघडला नव्हताच. जळू नये म्हणून स्वतःच बंद पडत होता.

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. खेळताना अडीचशे-तीनशे वॅट खाणारं मशीन म्हणजे शंभराचे जुने पिवळे तीन बल्ब एका पेटीत पेटवल्यासारखं. त्यातली बरीच उष्णता दोन ठिकाणी निघते, प्रोसेसरमध्ये आणि ग्राफिक्स कार्डात. ग्राफिक्स कार्डाला त्याचे पंखे कंपनीतूनच बसवून येतात, ते निवडायचं काम आपल्याला नाही. प्रोसेसरची चकती मात्र बिस्किटाएवढी असते, आणि तिच्यावरची उष्णता उचलून न्यायला कूलर लागतो.

कूलर दोन तऱ्हांचे. एक हवेचा. मोटरसायकलच्या इंजिनाला बाहेरून पातळ पातळ पंख असतात बघा, हवेनं थंड होण्यासाठी. तसेच पंख इथं ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांवर वारा मारायला एक पंखा. चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. त्यांच्या आत थोडंसं पाणी कोंडलेलं असतं. ते खाली तापलं की वाफ होते, वाफ वर पंखांपाशी जाऊन थंड होते आणि परत खाली उतरते. झाकण ठेवून भात शिजवताना झाकणाला पाणी धरतं आणि ठिबकतं, तेच हे. दुसरा कूलर पाण्याचा. त्यात लहान पंप असतो, रबरी नळ्या असतात आणि ट्रॅक्टरला असतो तसा रेडिएटर. पंप पाणी फिरवतो, रेडिएटरवर पंखे वारा मारतात.

दिसायला पाण्याचा भारी दिसतो आणि पोरांचा जीव त्याच्यावरच जडतो. पण कुणाला लागतो तो? पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसवला, त्याला द्रवानं थंड करायची सोय आहे. तिथं एकाला एक चिकटून शेकडो प्रोसेसर रात्रंदिवस चालतात. शिवाय दीडशे-दोनशे वॅटचा एखादा भारी प्रोसेसर असेल, तर घरीही त्याचा उपयोग होतो. आपल्या पोराचा प्रोसेसर होता पासष्ट वॅटचा. त्याला पाण्याचा कूलर म्हणजे दोन माणसांच्या भाताला लग्नाचं पातेलं. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा पंखा तेवढा असतो, आणि तो काही शेकड्यांत बदलून मिळतो. पाण्याच्या कूलरचा पंप गेला की अख्खा कूलर गेला. आमचं मत विचाराल तर खेडेगावात, पत्र्याच्या घरात, दुरुस्तीला दोन तास एसटीचा प्रवास असताना, पाण्याच्या भानगडीत पडू नये.

कूलर कुठलाही घ्या, खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही. बाहेर जी हवा आहे तीच तो वापरतो. म्हणून कूलरची परीक्षा थंडीत घ्यायची नाही, उन्हाळ्यात घ्यायची. आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा अडतीस-चाळीसला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. दुकानात वातानुकूलित खोलीत मशीन दाखवतात, तिथं सगळंच गार.

पुढच्या बैठकीत आम्ही दुसरं कोटेशन ठेवलं. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एनव्हिडियाचं आठ जीबीचं आरटीएक्स ४०६० कार्ड. हे कार्ड ११५ वॅट खातं, त्याच्या आधीचं ३०६० हे १७० वॅट खायचं. कमी खाणं म्हणजे कमी तापणं, आणि बिलही कमी. कार्डाला गेले अठ्ठावीस हजार, प्रोसेसरला साडेदहा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी मिळून सतरा. वीज पुरवणारा एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा साडेचार हजारांचा, पुढून जाळीचं कॅबिनेट चार हजारांचं, स्क्रीन साडेनऊ, कीबोर्ड-माऊस दीड, यूपीएस पाच. ऐंशी हजार झाले. हे तेव्हाचे दर आहेत, आता त्यावर जाऊ नका. २०२५ च्या शेवटी रॅमच बरीच महागली.

साठ हजार गटानं दिले, शेकडा एक रुपया व्याजानं, चोवीस महिन्यांत फेडायचे. वीस हजार पोरानं आपल्या साठवणीतले घातले. हे आम्ही मुद्दाम घालायला लावले. स्वतःचा पैसा अडकला की माणूस मशीनवर चहाचा कप ठेवत नाही.

एसएमपीएसबद्दल जरा जास्त बोलतो, कारण फसगत इथंच होते. घरातल्या विजेतून प्रत्येक भागाला मापात वीज वाढून द्यायचं काम हा डबा करतो. हा पैलवानाचा खुराक. प्रोसेसर सुमारे ऐंशी, कार्ड ११५, बाकी सगळं पन्नास-साठ, अशी बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. मग साडेपाचशेचा कशाला? तर डबा कायम गळ्यापर्यंत भरून चालवू नये, आणि कार्ड मध्येच क्षणभर जास्त खेचतं. एनव्हिडियाही ह्या कार्डासाठी साडेपाचशेच सांगते. खरा प्रश्न आकड्याचा नाही, खरेपणाचा आहे. बिननावाच्या डब्यावर ५०० छापलेलं असतं, पण तो तेवढं देईलच असं नाही. आणि जळाला तर एकटा जात नाही, कार्ड आणि बोर्ड घेऊन जातो. डब्यावर '८० प्लस' असा शिक्का असतो. त्याचा अर्थ, घेतलेल्या शंभर वॅटांतले निदान ऐंशी तो पुढं पोचवतो, वाटेत उष्णता करून घालवत नाही. शिक्का बघा, वॉरंटीची वर्षं बघा. एका दुकानात पोरानं विचारलं, ह्याच्यावर शिक्का का नाही? दुकानदार म्हणाला, "भावा, शिक्क्यानं काय लाइट जास्त येतीय का?" आम्ही तिथून उठलो.

डब्यात वीज येते ती आपल्याच घरातून. शेतातले पंप सुरू झाले की दिवे मंद होतात, हे सगळ्या गावांत आहे. म्हणून यूपीएस. तो तासभर खेळायला नसतो, पाच-दहा मिनिटांत काम साठवून मशीन नीट बंद करायला असतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं बटण बघा, बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोड असतो. तो चालू नसेल तर लाइट जाताना क्षणभर खंड पडतो आणि कॉम्प्युटर बंद होतो. आणि कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा करंट जाणवला, तर घरचं अर्थिंग नाही म्हणून समजा. वहिनींच्या घरी नव्हतं. आधी वायरमनला बोलावून ते करून घेतलं, मगच मशीन लावलं. तो खर्च कोटेशनमध्ये कुठं लिहिलेला नसतो.

मशीन दुकानातच जोडून घेतलं, पोरगा शेजारी उभा होता. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये एक राखाडी मलम लावतात, थर्मल पेस्ट म्हणतात त्याला. दोन धातू कितीही सपाट दिसले तरी मध्ये बारीक फटी राहतात, त्या ही पेस्ट बुजवते. ह्या प्रोसेसरसोबत खोक्यात जो कूलर येतो त्याला ती लावूनच येते. वेगळा कूलर घेतला तर आपण लावायची, वाटाण्याएवढी पुरते. जास्त लावली तर चपातीचं तूप ओघळावं तशी कडेनं बाहेर येते. वेगळ्या कूलरच्या बुडाला पातळ प्लॅस्टिकही चिकटवलेलं असतं. ते सोलून काढायला भले भले विसरतात, मग कूलर केवढ्याचाही असो, मशीन तापतं. स्क्रीनची वायर ग्राफिक्स कार्डाला लावायची, मदरबोर्डाला नाही. ह्या प्रोसेसरला स्वतःचं चित्र काढता येत नाही, वायर चुकीच्या जागी लावली तर स्क्रीन काळीच राहते आणि माणूस घाबरून दुकानात फोन करतो. आमच्या पोरानं केला होता.

पंख्यांची दिशाही बघून घ्या. घरात एका दारानं वारा येतो, दुसऱ्या खिडकीनं जातो, तसंच. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारे, कारण तापलेली हवा वर चढते. सगळेच आत ओढायला लागले तर धूर कोंडतो. पुढं अख्खी काच असलेलं कॅबिनेट दिसतं सुंदर, पण त्याला श्वास घ्यायला जागा कुठंय? जाळीचं घ्या, आणि जाळीमागं धुता येणारी गाळणी आहे का बघा. दिव्यांचं म्हणाल, तर त्यानं मशीन थंडही होत नाही आणि पळतही नाही. एक पंखा दिव्याचा असू द्या, पोराचं मन राहतं.

आता निकाल काय लागला तो सांगतो. तापमान दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. जानेवारीत खोली चोवीस अंशांवर असताना, अर्धा तास व्हिडिओचं काम चालवल्यावर प्रोसेसर बहात्तरवर गेला. खोक्यातलाच कूलर होता, आम्ही खूश. वेगळ्या कूलरचे पैसे वाचले. एप्रिलमध्ये दुपारी खोली एकोणचाळीसवर गेली आणि प्रोसेसर सत्त्याऐंशीवर. हिशेब करा, दोन्ही वेळा खोलीपेक्षा अठ्ठेचाळीस अंश वर. ह्या प्रोसेसरची मर्यादा नव्वद अंशांची. तिथं पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि खेळ अडखळतो. पंखे तर इतके घोंघावत होते की वहिनी म्हणाल्या, पिठाची गिरणी लावलीय का?

पोरगा लगेच म्हणाला, पाण्याचा कूलर घेऊ. आम्ही म्हटलं, थांब, आधी मशीन ठेवलंय कुठं ते दाखव. माळ्याखालच्या कोनाड्यात, मागच्या भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. बाहेर टाकलेली गरम हवा फिरून परत पुढून आत जात होती. टेबल कोनाड्यातून बाहेर काढलं, मागं वीतभर जागा सोडली. फुकटात पाच अंश उतरले, ब्याऐंशी. मग दोन हजारांचा चार नळ्यांचा हवेचा कूलर बसवला, तो त्यानं कामाच्या पैशातून आणला. तशाच दुपारी एकाहत्तर. गिरणीही बंद झाली.

सफाई वर्षातून दोनदा. चटणीचा आणि मळणीचा हंगाम संपला की एकदा, दिवाळीच्या झाडलोटीत दुसऱ्यांदा. प्लग काढायचा, मऊ कोरडा ब्रश घ्यायचा, हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, मोकळं भिरभिरू द्यायचं नाही. ओलं फडकं आत न्यायचं नाही. कितीही हात शिवशिवले तरी.

नदीकाठच्या मैत्रिणींसाठी एक वेगळी सूचना. २०१९ चा आणि २०२१ चा पूर आपण विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर आली की कॅबिनेट माळ्यावर चढवा. धोक्याच्या ४३ फुटांची वाट बघू नका, तेव्हा म्हशी आणि धान्य हलवायची गडबड असते. अख्खं उचलता येत नसेल तर पोराला विचारून एसएसडी तेवढी काढून घ्या. च्युइंगमच्या पट्टीएवढी असते, कमरेच्या पिशवीत बसते, आणि सगळं काम तिच्यातच असतं. पाणी शिरलंच तर पूर्ण वाळून, दाखवून घेतल्याशिवाय प्लग लावू नका.

खेळण्याचं काय, असं तुम्ही विचारालच. तो खेळतो, रोज रात्री. चार तास मशीन चाललं तर दिवसाला सव्वा युनिट धरा, महिन्याला पस्तीस-चाळीस. महिन्याचे शंभर युनिट ओलांडले की वरच्या युनिटांचा दर चढतो, म्हणून वहिनींनी बिल आल्यावर पहिले दोन महिने त्याच्याकडून फरक वसूल केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे, त्यांच्यावर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला आणि ते बंद केले. ती अट आमच्या कर्जाच्या कागदावर त्याच्या आधीच होती, आक्कांनी घालायला लावलेली. एकदा त्यानं आम्हाला 'राजी' नावाचा खेळ दाखवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स कंपनीनं २०२० साली काढलेला. कंपनी काढणाऱ्यांत श्रुती घोष ही बाईमाणूस आहे. खेळातली पोरगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. आक्का पाऊण तास जागच्या हलल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, "मी खेळतो की जरा, दे इकडं." पहिल्याच उडीत पडल्या.

परतफेडीचं खरं सांगायचं तर दोन हप्ते उशिरा आले, पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणून. दंड भरला, नियम सगळ्यांना सारखा. बाकीचे वेळेवर आहेत.

कुणाच्या घरी असं कोटेशन आलं असेल तर बैठकीला येताना सोबत आणा. त्यावर एसएमपीएसच्या कंपनीचं नाव, ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण नंबर आणि रॅम डीडीआर४ की डीडीआर५ हे लिहून आणायला सांगा. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून बिल जीएसटीचं आणि प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरसह हवं, आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की पुण्याला पाठवावं लागतं तेही विचारून ठेवा. खोकी वर्षभर टाकू नका. वहिनींच्या माळ्यावर अजून आहेत, त्यांतल्या एकात सध्या कांदे आहेत.